अनावृत विदागार : एक विवेचन

विदागार म्हणजे प्रश्न विचारताच हवी ती नोंद हाती देणारा संग्रह. तो महाजालाला जोडलेला असून प्रश्नकर्त्याची ओळख विचारत नसेल, तर तो अनावृत होय. अनावरण आणि चोरी यांत प्रथम भेद करावा. चोरी ही घटना आहे. तिला कर्ता असतो आणि मागे तुटलेले कुलूप राहते. अनावरण ही स्थिती आहे. तिथे कुलूपच नसते. म्हणून त्याचे मापन कालावधीने करावे लागते.

या स्थितीची कारणे दोन. (1) मूळ मांडणी : इलॅस्टिकसर्च या प्रणालीच्या विनामूल्य आवृत्तीत पासवर्डची सोय मे 2019 मध्ये आली, स्थापनेबरोबर ती आपोआप लागू होऊ लागली 2022 मधील आठव्या आवृत्तीपासून. (2) ‘आपला पत्ता कोणाला ठाऊक?’ ही समजूत : आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते सुमारे 430 कोटी. झेडमॅप या साधनाने 2013 मध्येच एका पोर्टपुरती या साऱ्या पत्त्यांची छाननी पाऊण तासाच्या आत करता येते, हे दाखवले. पांडवांना अज्ञातवास वर्षभर साधला. सर्व्हरला तो तितकाही साधत नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये इक्वादोरच्या नोव्हाएस्ट्रॅट या सल्लागार कंपनीचा मायामीतील सर्व्हर असाच उघडा आढळला. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, नोंदी मात्र सुमारे दोन कोटी. कारण मृतांचाही त्यांत समावेश होता. सरकारी नोंदी, बँकेतील शिल्लक, वाहननोंदणी हे स्रोत मुळात विलग होते. ओळखक्रमांकाच्या सूत्रात ते एकत्र ओवले गेले. मूळ दोष या ओवण्यात आहे, असे माझे मत. सर्व्हर उघडा राहणे ही त्यानंतरची पायरी.

विदेचेही दोन प्रकार : परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि आईचे नाव बदलत नाही. पहिल्या प्रकारात सर्व्हर बंद करून पासवर्ड बदलला की हानी थांबते, दुसऱ्यात थांबत नाही. प्रवेशाची नोंदवही ठेवलेली नसेल, तर ‘गैरवापराचा पुरावा नाही’ या विधानातून काहीच सिद्ध होत नाही.

इक्वादोरच्या त्या संग्रहात 67 लाखांहून अधिक नोंदी अठरा वर्षांखालील मुलांच्या होत्या. काहींचा जन्म त्याच वर्षीचा. इक्वादोरमध्ये विदासंरक्षणाचा कायदा मे 2021 मध्ये झाला. तेव्हा ती बालके दोन वर्षांची होती. ओळखक्रमांक तोच होता.