स्नायुस्फुरण : निरोगी तरुणांमधील

स्नायूचा एखादा लहानसा भाग मनाविरुद्ध, क्षणभर आणि पुन्हा पुन्हा उडणे म्हणजे स्नायुस्फुरण. वैद्यकात यासाठी फॅसिक्युलेशन ही संज्ञा आहे. रोजच्या बोलण्यात पापणी लवते, पोटरी उडते, दंडात काहीतरी वळवळते. पापणी लवण्याला खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘डोया फडकस’ म्हणतात. कातडीखालची हालचाल डोळ्यांना दिसते, पण सांधा सहसा हलत नाही आणि दुखतही नाही. गोळा किंवा पेटका येणे हा वेगळा प्रकार. त्यात अख्खा स्नायू आवळतो, कळ येते आणि तो हाताने चोळून सोडवावा लागतो. हाताचा कंप आणि फिट येणे हेही स्नायुस्फुरणाहून वेगळे प्रकार.

यंत्रणा : मज्जारज्जूतून निघालेला एक प्रेरक मज्जातंतू स्नायूत शिरल्यावर अनेक फाटे फोडतो आणि प्रत्येक फाटा एका स्नायुतंतूला जाऊन भिडतो. नेत्रगोल हलवणाऱ्या स्नायूंत एका मज्जातंतूच्या वाट्याला जेमतेम दहाएक तंतू येतात. पोटरीत ही संख्या हजाराच्या वर जाते. मेंदूचा हुकूम नसताना मज्जातंतूने आपणहून विद्युतसंदेश सोडला, की त्याच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आकसतात. पोटरीतले स्फुरण ठळक दिसते ते यामुळेच. निरोगी माणसात हा संदेश बहुधा मज्जातंतूच्या स्नायूजवळच्या टोकाशी उपजतो. म्हणजे बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत नसतो, टोकाची संवेदनशीलता तेवढी वाढलेली असते. झोप, क्षार, कॅफीन, ताण या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी त्यावर परिणाम करतात त्या याच जागी. फॅसिक्युलेशन हा शब्द डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर या डॉक्टरांनी १९३८ साली रूढ केला. पापणीपुरत्या स्फुरणाला मायोकायमिया असे निराळे नाव आहे.

प्रमाण : रीड आणि कुर्लंड यांनी १९६३ साली पाचशेहून अधिक निरोगी वैद्यकीय कर्मचाऱ्यांना विचारले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी असे स्फुरण अनुभवल्याचे सांगितले. त्यामुळे ‘मला हे का होते?’ यापेक्षा ‘माझे लक्ष आत्ताच का गेले?’ हा प्रश्न पुष्कळदा अधिक नेमका ठरतो. आपल्याकडे लक्ष जाण्याचे एक जुने निमित्त शकुनाचे आहे. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, उलट झाले तर अशुभ, हा समज घरोघरी आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतल’मध्येही आश्रमात शिरताना दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो. आजच्या तरुणाचे निमित्त मोबाइल असतो. लक्षण शोधायला बसावे आणि पहिल्याच पानावर जीवघेण्या आजाराचे नाव समोर यावे, असे घडते.

नेहमीची कारणे : सर्वांत वरचे कारण अपुरी झोप. जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यात त्याला एक स्थानिक रूप आहे. कापूस आणि केळी यांना पाणी द्यायचे ते शेतीपंपाला थ्री-फेज वीज असेल तेव्हाच, आणि आठवडे आलटून पालटून ती वीज रात्रीची येते. कजगाव-कोळगावकडचा एखादा विशीतला मुलगा रात्री लाईट आली म्हणून बारे देत बसतो, सकाळी कॉलेजची बस धरतो आणि दिवसभर टिकून राहण्यासाठी चहावर चहा घेतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची खालची पापणी उडू लागली, तर नवल वाटायचे कारण नाही. दोन-तीन रात्री सलग झोप मिळाली की बहुतेकदा ती थांबते.

दुसरे कारण कॅफीन. चहाचे कप लोक मोजतात, पण वीस रुपयांच्या बाटलीतल्या एनर्जी ड्रिंकला सरबत समजतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते. जिममध्ये मिळणाऱ्या व्यायामपूर्व पावडरींमध्ये एका चमच्यातच याहून जास्त कॅफीन असू शकते. निकोटीनही मज्जातंतू आणि स्नायूंना चेतवते. तंबाखूची पुडी खिशात ठेवून पोटरीची तक्रार सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

तिसरे कारण दमणूक. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये हे हमखास दिसते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. भरतीची जाहिरात आली की गावाबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांची रांग लागते, आणि महिनोन्महिने न धावलेला मुलगा एकदम रोजच्या सरावाला लागतो. धावून आल्यावर तो ओट्यावर पाय पसरून बसतो आणि पोटरीत इथे-तिथे मांस उडताना त्याला दिसते. आदल्या दिवशी व्यायाम झालेला स्नायू विश्रांतीत असताना उडणे हे अगदी स्वाभाविक आहे. धावताना पाय जड पडत नसेल, टाचा उचलून चवड्यांवर चालता येत असेल, तर सराव सोडायची गरज नाही. वाढवण्याचा वेग तेवढा कमी करावा.

यात उन्हाळ्याची भर पडते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि नुसते पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम आणखी पातळ होते. मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा क्षारसंजीवनी यांनी काम भागते. दवाखान्यात खिळ्याला सलाईन टांगून ‘ताकद’ भरण्याची जी रीत आहे, तिची उभ्या तरुणाला गरज नसते.

क्षार व जीवनसत्त्वे : ‘केळी खा, पोटॅशियम मिळेल’ हा सल्ला केळीच्या मुलखात आपसूकच मिळतो. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते हे खरे. मात्र नेहमीचे जेवण घेणाऱ्या निरोगी तरुणात पोटॅशियमची कमतरता आहारामुळे सहसा होत नाही. ती होते जुलाब-उलट्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी किंवा दम्याचा पंप वारंवार ओढल्याने. मॅग्नेशियम ज्वारीत आणि उडदात भरपूर असते, त्यामुळे कळण्याची भाकरी खाणाऱ्या घरात त्याचा तुटवडा सहज पडत नाही. पित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि रोज दारू पिणाऱ्यांत मात्र तो आढळतो. कॅल्शियम कमी झाले तर स्फुरणापेक्षा बोटांना मुंग्या येणे, ओठांभोवती बधिरपणा आणि हाताची बोटे आखडून एकत्र येणे ही लक्षणे अधिक बोलकी असतात. त्यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. परीक्षेच्या भीतीने भराभर श्वास घेतल्यावरही नेमके हेच होते, कारण रक्तातले मुक्त कॅल्शियम तेवढ्यापुरते घटते. बी-१२ शाकाहारी घरांत पुष्कळदा कमी सापडते, पण त्याची ओळख तळपायांची जळजळ, मुंग्या आणि अंधारात तोल जाणे ही आहे. नुसती पापणी उडते म्हणून बी-१२ ची इंजेक्शने घेण्यात अर्थ नाही.

औषधे व इतर आजार : साल्ब्युटामॉल, थिओफिलिन, सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन, काही मानसोपचाराची औषधे, आणि चरबी जाळण्यासाठी जिममध्ये चोरून घेतले जाणारे क्लेनब्युटेरॉल यांमुळे कंप किंवा स्फुरण होते. थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करू लागली तर वजन घटणे, छातीत धडधड आणि हातांचा कंप यांच्या जोडीने स्नायूही उडतात. मान किंवा कंबरेतली नस दबल्यास स्फुरण एकाच पट्ट्यात राहते आणि तिथे दुखते किंवा बधिरता असते. पारायुक्त भस्मे आणि गोरे करणाऱ्या क्रीममधला पारा यांचा संबंध मज्जातंतूंच्या अतिचेतनेशी असल्याचे भारतातल्या रुग्णांवरून नोंदले गेले आहे. अशा रुग्णांना सर्वांगात सतत स्फुरण, घाम आणि निद्रानाश असतो. झोप पार उडवणाऱ्या या प्रकाराला मॉर्व्हान सिंड्रोम म्हणतात. १८९० साली त्याचे पहिले वर्णन झाले. त्याच्याच जवळचा आयझॅक्स सिंड्रोम १९६१ साली वर्णिला गेला. दोन्ही दुर्मीळ आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत.

भीतीचा आजार : तरुणांना धास्ती असते ती प्रेरक मज्जापेशींच्या ऱ्हासाची, म्हणजे एएलएसची. स्टीफन हॉकिंग यांना वयाच्या २१ व्या वर्षी, १९६३ साली, हा आजार असल्याचे सांगण्यात आले. त्यामुळे ‘तरुणपणीही होतो’ हा दाखला लगेच दिला जातो. पण हॉकिंग यांची सुरुवात कशी झाली ते पाहावे : अडखळून पडणे, हालचालींतला बेंगरूळपणा, बोलण्यातला जडपणा. एरवी हा आजार साधारण पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि त्यात ताकद जाते, मांस झडते. स्फुरण त्याच्या जोडीला असते. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, चप्पल पायातून निसटणे, घास घशात अडकणे ही खरी लक्षणे. मेयो क्लिनिकने १९९३ साली सौम्य स्फुरणाच्या १२१ रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकालाही हा आजार झाला नाही. गंमत अशी, की या भीतीने सर्वांत जास्त पछाडलेले लोक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी असतात, आणि त्याचेही संशोधन झाले आहे. भीतीने झोप जाते, झोप गेली की स्फुरण वाढते, ते वाढले की माणूस दिवसभर पोटरीकडे पाहत बसतो. हे चक्र सुटत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

तरुणांतच होणारा एक आजार मात्र लक्षात ठेवावा. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या, बहुधा पुरुषांच्या, एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा भाग हळूहळू बारीक होतो, थंडीत बोटे आणखी अशक्त होतात आणि बोटांत बारीक थरथर दिसते. जपानचे हिरायामा यांनी १९५९ साली त्याचे वर्णन केले. भारतातून गौरीदेवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली एकाच अवयवाच्या अशा ऱ्हासाची मालिका मांडली. तो काही वर्षांनी आपोआप थांबतो, पण लवकर ओळखला तर मानेला पट्टा लावून नुकसान कमी करता येते. म्हणून ‘हात बारीक झालाय का?’ हा प्रश्न ‘हात उडतो का?’ याच्या आधी विचारावा.

तपासणी : डॉक्टरने रिफ्लेक्स, ताकद आणि जीभ पाहिली आणि सर्व ठीक आढळले, तर पुढच्या तपासण्या थोड्याच उरतात : कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, थायरॉईड. ताकद कमी वाटल्यास किंवा शंका राहिल्यास इएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विद्युतसंदेशांची तपासणी, करतात. त्यासाठी तालुक्याबाहेर, जळगाव किंवा धुळ्याला, मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे लागते. कोणत्याही लक्षणाविना केवळ मनाच्या समाधानासाठी तो खर्च करू नये.

फवारणी : वरील सगळ्या कारणांत घाई करण्याजोगे जवळपास काही नाही. कापसाच्या मुलखात मात्र एक कारण असे आहे, की त्यात तासाभराचा उशीरही महाग पडतो. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मज्जातंतूने स्नायूला पाठवलेला ॲसिटिलकोलिन हा निरोप मग मोडला जात नाही, साचत जातो, आणि स्नायू पुन्हा पुन्हा उडतो. सुरुवात पापण्या, चेहरा, पोटऱ्या इथून होते. त्याच्या आगेमागे तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, मळमळ, पोटात कळ, छातीत घरघर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या.

या विषबाधेचा महाराष्ट्रातला एक महत्त्वाचा अभ्यास पुण्यात झाला. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी डायझिनॉन, म्हणजे त्या काळचे घराघरातले ढेकणांचे औषध, याच्या विषबाधेचे ओळीने २०० रुग्ण तपासून १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाखल होतानाच दिसणारी लक्षणे, ज्यांत स्फुरण येते, आणि एक दिवस उलटल्यावर येणारी मान-खांद्यांची व श्वासाची अशक्तता, असे दोन गट त्यांनी पाडले. दुसऱ्या गटाला पुढे १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी मध्यंतरीचा सिंड्रोम असे नाव दिले. रुग्ण पहिल्या दिवशी सुधारला म्हणून घरी नेऊ नये, हे त्यातून कळते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. कापूस डोक्याइतका वाढला होता, फवारा तोंडावर येत होता आणि एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती. भडगावातही पंपाची तऱ्हा वेगळी नाही. पाठीवरच्या टाकीचे झाकण गळते, सदरा ओला होतो आणि तो संध्याकाळपर्यंत अंगावरच राहतो. नोझल तुंबले की पोरगा ते तोंडाला लावून फुंकतो. कातडीतून आणि ओठांवरून गेलेले हे औषध पोटात गेल्याइतकेच खरे आहे.

तेव्हा फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्नायू उडू लागले आणि त्यासोबत घाम, लाळ, मळमळ किंवा धूसर दिसणे यांपैकी काहीही असेल, तर झोप आणि चहा यांचा हिशेब करत बसू नये. कपडे उतरवावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे, उलटी काढायचा प्रयत्न करू नये आणि १०८ ला फोन करावा. ॲट्रोपिन ग्रामीण रुग्णालयात मिळते. श्वास कमी पडू लागल्यास जळगाव किंवा धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. निघताना औषधाचा डबा लेबलासह सोबत न्यावा.