बारामती-इंदापुरात घर बांधायचंय? परवानगी कुणाची लागते आणि तपासणी कधी होते?

सातबाऱ्यावर नाव आहे, घरपट्टीची पावती आहे, लाईटचं मीटरही बसलंय. म्हणजे घर कायदेशीर, असा अनेकांचा समज असतो. पण यातला एकही कागद बांधकाम परवानगी नसतो. घर विकताना किंवा बँकेचं कर्ज काढताना हे लक्षात येतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

परवानगी देतं कोण?

बारामती आणि इंदापूर शहरांत हा अधिकार नगरपरिषदेचा असतो. बारामती एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीच परवानगी देते. हे दोन्ही तालुके पीएमआरडीएच्या हद्दीबाहेर आहेत. त्यामुळे गावांमधली परवानगी प्रादेशिक योजनेनुसार जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळते, तर लहान घरांसाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं.

नियम कोणते?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 हा मूळ कायदा. त्याखाली डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच नियमावली आली. तिला यूडीसीपीआर म्हणतात. किती मजले, किती एफएसआय, रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून किती जागा सोडायची, हे सगळं त्यात ठरलेलं आहे.

मंजूर लेआउटमधल्या 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला यात सवलत आहे. नियमात बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी मानली जाते. 150 ते 300 चौरस मीटरच्या प्लॉटसाठी 10 दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागासाठीही 2021 मध्ये शासनाने 3,200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांना अशीच सूट जाहीर केली. सूट प्रक्रियेतून आहे, नियमांतून नाही.

कागद काय लागतात?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, लेआउट मंजुरी, बांधकामाचा नकाशा आणि कर थकीत नसल्याचा दाखला. मोठ्या बांधकामाचा अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा इंजिनिअरमार्फत जातो. छाननी शुल्क आणि विकास शुल्क भरावं लागतं. स्वतः राहण्यासाठीच्या घराचा खर्च कायद्यातल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर कामगार उपकरही लागतो.

बारामती शहरातून कऱ्हा वाहते, इंदापूर तालुक्याला नीरा, भीमा आणि उजनीचं पाणी लागून आहे. म्हणून प्लॉट घेण्याआधीच पूररेषा पाहावी. नदीकाठ ते निळ्या रेषेदरम्यान घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच लागतं.

तपासणी कधी होते?

परवानगी मिळाल्यावर एका वर्षात काम सुरू व्हावं लागतं, नाहीतर मुदतवाढ घ्यावी लागते.

नेहमीच्या प्रक्रियेत पहिला महत्त्वाचा टप्पा जोत्याचा, म्हणजे प्लिंथचा. जोतं मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, सोडायची जागा सोडली आहे का, हे इथे पाहतात. चूक असेल तर ती इथेच स्वस्तात दुरुस्त होते. स्लॅब पडल्यावर तीच चूक भिंत पाडायला लावते. या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया किती खोल न्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावं.

शेवटचा टप्पा भोगवटा प्रमाणपत्राचा. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला जोडून अर्ज करायचा. मंजूर नकाशा आणि उभं घर जुळलं तरच हे प्रमाणपत्र मिळतं. मधेच एखादी खोली किंवा मजला वाढवायचा असेल, तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

परवानगी नसेल तर?

कलम 52 नुसार 1 महिना ते 3 वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. कलम 53 नुसार नोटीस देऊन बांधकाम पाडता येतं. नगरपरिषद अशा घरावर कर आणि शास्ती दोन्ही लावू शकते. मात्र ते भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

म्हणून मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, हे चार कागद खरेदीखताच्या फाईलमध्येच ठेवावेत. लहान प्लॉटवर सवलतीत बांधलेल्या घरासाठी दाखल केलेला नकाशा आणि शुल्काची पावती तितकीच मोलाची आहे.