आज्ञांचा गठ्ठा

शाळेचं वर्ष संपलं. सहाशे मुलांच्या नावांपुढची इयत्ता एकने वाढवायची आहे. संगणकावर एकेक नाव उघडून आकडा बदलत बसलो तर अख्खा दिवस जाईल. त्याऐवजी 'जी मुलं पास झाली त्यांची इयत्ता एकने वाढव' अशी आज्ञा आपण एका ओळीत लिहून देऊ शकतो. अशा आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली 'स्क्रिप्ट'. धंद्याचे हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किमती बदलणं, रात्री नोंदींची प्रत काढणं अशी बरीच कामं पडद्याआड याच पद्धतीने होतात. ही पद्धत माउसपेक्षा आणि पडद्यावरच्या चित्रांपेक्षाही जुनी आहे.

जे. लायन्स ही चहाची दुकानं चालवणारी, केक-पाव विकणारी ब्रिटिश कंपनी. एकेका वस्तूवर नफा थोडा, पण नोंदी मात्र ढीगभर. तिने केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक संगणकाच्या धर्तीवर 'लिओ' हा स्वतःचा संगणक बांधला (चहावाल्यांनी!) आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचा हिशेब त्याच्याकडे सोपवला. कचेरीचं नेहमीचं काम संगणकाने करण्याची ही पहिली वेळ मानतात.

पुढे १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० हे संगणक जाहीर केले. त्यांच्यासाठी कामाचा गठ्ठाच तयार करावा लागे. भोकं पाडलेल्या कार्डांच्या या गठ्ठ्यात कोणता प्रोग्रॅम चालवायचा, माहिती कुठून घ्यायची, उत्तर कुठे ठेवायचं हे सांगणारी आज्ञांची कार्डं असत. गठ्ठा एकदा आत गेला की मध्ये काही विचारायची सोय नसे.

मग कार्ड हरवलं तर? आकडा चुकला तर? कारकुनांची यावरची युक्ती आम्हाला फार आवडते. पगाराच्या रकमांची बेरीज ते आधीच करून ठेवत, पण त्याबरोबर कामगारांच्या क्रमांकांचीही बेरीज करत! या बेरजेला तसा काहीच अर्थ नाही. तरी तिचा उपयोग होतो. वर्गात करून पाहा. ३, ७, १२, १८ आणि २५ या हजेरी क्रमांकांची बेरीज ६५ येते. उत्तरपत्रिका गोळा केल्यावर ती ५३ आली, तर कोणाचा पेपर राहिला? आता याची मर्यादाही मुलांना शोधायला सांगा. दोन मुलांचे गुण आपसांत बदलले गेले, तर गुणांची बेरीजही तीच राहते आणि क्रमांकांचीही.

याच सुमारास, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या डग मॅकलरॉय यांनी एका टिपणात सुचवलं होतं की बागेतल्या नळ्यांसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ही सोय युनिक्समध्ये केली. एक प्रोग्रॅम विक्रीच्या यादीतला हवा तो रकाना काढतो, दुसरा तो क्रमाने लावतो, तिसरा सारख्या ओळी मोजतो. एका ओळीत कोणता माल किती वेळा खपला ते कळतं.

हाताने काम करताना चूक झाली तर ती एका नावापुरती राहते. 'जी मुलं पास झाली' एवढे शब्द स्क्रिप्टमधून गळले, तर सहाशेच्या सहाशे मुलं वर चढतात. पण चूक लिहिलेली असते, दुसऱ्याला वाचता येते. हाताने केलेल्या बदलांचा असा माग राहतोच असं नाही.

गिटलॅब ही कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याने पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य संगणकाला दिली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले. रोज आपोआप प्रत काढणारी व्यवस्था होती, पण प्रत्यक्षात प्रतींची जागा रिकामी निघाली. प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो दरवेळी अडत होता. तसं कळवणारी पत्रंही कोणापर्यंत पोचत नव्हती. अखेर उपयोगी पडली ती त्याच कर्मचाऱ्याने साधारण सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने काढलेली प्रत.