जड पाणी, गोडं पाणी

तुरीची डाळ तासभर रटरटूनही आख्खीच राहिली, तर मराठवाड्यातली जुनी बाई डाळीला नावं ठेवत नाही. पाणी जड आहे, म्हणते. तिचं निदान चुकत नाही. अशा पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे डाळ मेणासारखी होत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ती पकड सुटते. सोडा नको असेल तर दुसरीकडून पाणी आणायचं.

हे ‘दुसरीकडून’ हिंगोलीच्या खेड्यांत फार महत्त्वाचं होतं. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, अशी घराघरांत वाटणी असे. भांडी, धुणं, जनावरं यांच्यासाठी जवळचा आड चाले. वरणासाठी मात्र लांबच्या विहिरीवर जायचं, नाहीतर नदीकाठी. नामदेवांचं नरसी जिच्या काठी आहे ती कयाधू उन्हाळ्यात आटते. तेव्हा अशा नद्यांच्या वाळूत झिरा उकरायचा, पाणी निवळू द्यायचं आणि वाटीनं हंडा भरायचा. एक हंडा भरायला किती वेळ जाई, ते भरणारीलाच ठाऊक. तरी ती जाई, कारण ते पाणी गोडं होतं.

या फरकाचं मूळ जमिनीखाली आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांचा पाया मुख्यतः काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. पावसाचं पाणी मुळात मऊ. मातीतून जाताना त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतली चुनखडी व खडक थोडेथोडे विरघळवत खाली उतरतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिथून येतं. खडकाच्या भेगांत मुक्काम जितका लांबतो, तितके क्षार वाढत जातात. वाळूतल्या झिऱ्याचं पाणी कालपरवाचं असू शकतं. खोल बोअरचं कित्येक वर्षांचं. कोकणात भरपूर पावसानं जांभ्या दगडातले क्षार केव्हाच धुऊन नेले आहेत, म्हणून तिथल्या गोड्या विहिरींचं पाणी सहसा मऊ लागतं. उलट अकोला-बुलढाण्याकडे तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. हिंगोलीची पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते.

मग 1972 चा दुष्काळ आला आणि पाण्याची खोली बदलली. आड-विहिरी कोरड्या पडल्या. हवेच्या दाबावर खडक फोडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली, युनिसेफचा त्या कामाला हातभार होता. विंधन विहिरीवर हापसा बसला. या हापशाच्या घडणीत मराठी मुलुखाचा मोठा वाटा आहे: आधी जालन्यात जालना पंप तयार झाला, मग सोलापूरला त्यात सुधारणा झाली, आणि सोलापूर पंपावरूनच सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू घडला. तो पुढे जगभर गेला.

हापशानं माणसं जगवली. पण पाणी खोल खडकातून येऊ लागलं, आणि जड पाण्याचा त्रास घरात शिरला. साबण चोळला तर फेसाऐवजी साका, केस राठ, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर. दारात हापसा असताना बाया जुन्या विहिरीकडे का जातात, असं विचारणाऱ्यांनी तिथल्या चुलीवरचं पातेलं एकदा बघायला हवं होतं. ही सवयीची हटवादी ओढ नव्हती. सरपण जास्त लागत होतं आणि वरण होत नव्हतं.

साबणाचा हाच गुण स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात मोजमापासाठी वापरला: बाटलीतल्या पाण्यात साबणाचं द्रावण थोडंथोडं घालायचं, हलवायचं आणि टिकाऊ फेस यायला किती लागलं ते पाहायचं. आज भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानतात. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. या दोन आकड्यांमध्ये बरंच वरण न शिजता राहतं.

येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णेवरची धरणं 1968 मध्ये पूर्ण झाली, पैनगंगेवर पुढे इसापूरचं झालं. धरणात साठतं ते बहुतांशी पावसाळ्याचं वाहतं पाणी, म्हणून ते खोल बोअरपेक्षा सहसा मऊ असतं. पुरजळ, मोरवाडी अशा प्रादेशिक योजनांची जलवाहिनी गावात पोचते, तेव्हा हंड्याची पायपीट वाचतेच, शिवाय डाळही लवकर शिजते. योजना बंद पडली की गाव पुन्हा बोअरवर येतं, नाहीतर आरओच्या जारवर पैसे मोजतं.

2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासायचा संच देऊन गावागावांत पाच-पाच महिलांना शिकवायचं ठरलं. जडपणाच्या तपासणीत पाण्यात रंगद्रव्य घालतात, लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजतात. हे थेंब मोजायला बाईच बसवली, हे फार बरं झालं. आता तिनं मांडलेला आकडा नवी बोअर कुठे घ्यायची, हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर आधी पोचला पाहिजे.