वूफर का जळतो? ॲम्प्लिफायरचा 'गेन' असा लावा

भंडारा : दिवाळी झाली की जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, मागोमाग लग्नसराई लागते. गाडीतला वूफर दणक्यात वाजावा म्हणून ॲम्प्लिफायरचे सगळे स्क्रू फुल्ल फिरवले जातात. मग एक दिवस जळका वास येतो आणि मेकॅनिक सांगतो, कॉईल गेली. दोष बरेचदा वूफरचा नसतो, 'गेन'च्या स्क्रूचा असतो.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेककडून येणारा सिग्नल ॲम्पला जुळवून देणं, एवढंच त्याचं काम. तो फुल्ल केला म्हणून १०० वॅटचा ॲम्प २०० वॅटचा होत नाही. उलट डेकचा आवाज अर्ध्यावर असतानाच ॲम्पची ताकद संपते आणि आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. गाण्यात आवाज फाटला की लगेच कळतं, खोल बेसमध्ये मात्र ते लवकर ओळखू येत नाही. तोवर कॉईल तापत राहते.

गेन लावायला साधा मल्टिमीटर पुरतो. आधी ॲम्पवरून वूफरच्या वायरी काढाव्यात. गेन एकदम कमी, बेस बूस्ट शून्यावर, डेकचे बेस-ट्रेबल मधोमध, लाऊडनेस बंद. गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवावी, बंद शेडमध्ये नको, धूर जीवघेणा असतो. पेन ड्राईव्हवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन घेऊन वाजवावा आणि डेकचा आवाज पाऊणपर्यंत न्यावा. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, म्हणून स्वस्तातला मीटरही इथे बरोबर रीडिंग देतो.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावायचा आणि गेन हळूहळू वाढवायचा. थांबायचं कुठे? वॅटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. २२५ वॅट, ४ ओहम असेल तर ९००चं वर्गमूळ, म्हणजे ३० व्होल्ट. ४ ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले तर २ ओहम होतात. तिथे २०० वॅटला २० व्होल्टच पुरे. पण ॲम्प २ ओहमवर चालणारा आहे का, ते आधी बघावं. वॅट म्हणजे आरएमएस वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला पीएमपीओचा आकडा हिशेबात धरूच नये. ॲम्प आणि वूफर यांपैकी ज्याचा आरएमएस कमी, तोच घ्यावा.

वायरी परत जोडण्याआधी सिस्टीम बंद करावी. लो-पास फिल्टर साधारण ८० हर्ट्झवर ठेवावा. यापुढे डेक पाऊणच्या वर न्यायचा नाही, आणि बेस बूस्ट नंतर वाढवला तर सगळं माप बिघडतं.

आवाज कितीही साफ असला तरी ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री १० ते सकाळी ६ची ४५.

रेस दिल्यावर वूफरमधून किंवा स्पीकरमधून 'कुंई' असा आवाज चढत असेल तर गेनला हात लावू नये. आधी अर्थिंग तपासावं : काळी वायर रंगावर नाही, खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट कसलेली हवी.