दख्खनची वैरण

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात जनावरांच्या खाद्याचा इतिहास हा मुख्यतः साठवणुकीचा इतिहास आहे. पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, रानातले गवत फार तर दिवाळीनंतर थोडे दिवस पुरते. पुढचे सात-आठ महिने गव्हाणीत पडते ती राखून ठेवलेली वैरण. कोणते पीक घ्यायचे, दावणीला किती जनावरे बांधायची, हे या पट्ट्यात वैरणीनेच ठरवले.

मराठेशाहीत हा प्रश्न राज्याचाही होता, कारण फौज घोड्यांवर चालत होती. पागेसाठी कुरणे राखलेली असत आणि घोड्याला गवताबरोबर हरभऱ्याची चंदी लागे. या व्यवस्थेकडे किती बारकाईने पाहिले जाई, हे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या थोडे आधी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातून कळते. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच हवे तसे उधळले, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असे ते बजावतात. मग शिपाई कुणब्यांच्या घरातून दाणा आणि गवत ओढून आणू लागतील, रयत परागंदा होईल, हा पुढचा धोकाही ते दाखवतात. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली, चिलीम आणि रात्रीचे दिवे यांबाबतच्या सूचनाही त्यात आहेत. लष्करी हुकमात चाऱ्याच्या हिशेबाला एवढी जागा मिळावी, यातच त्याचे मोल दिसते.

शेतकऱ्याच्या दावणीचा आधार मात्र कडबा होता. रब्बीची ज्वारी काढून कणसे खुडली की उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून गंजी रचायची आणि पुढच्या पावसापर्यंत ती पुरवून वापरायची. कडबा शेकड्याच्या भावाने विकला जाई, आजही जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे निवडलेला ‘एम ३५-१’ हा मालदांडी वाण टिकला त्याचे एक कारण त्याचा भरपूर, जनावरांना आवडणारा कडबा हे आहे. कामाच्या दिवसांत बैलांना भिजवलेली सरकी किंवा पेंड मिळे, दुभत्या जनावराला चुणी-भुशाचे आंबोण. कोकणात आणि मावळात हीच जागा भाताच्या पेंढ्याने आणि डोंगरातल्या गवताने घेतली. धनगरांनी वेगळी वाट काढली. चारा साठवण्याऐवजी त्यांनी कळपच चाऱ्याकडे नेला. ज्याच्या रानात मेंढ्या बसत, तो शेतकरी त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देई.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का इंग्रजी अमलात बसला. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढली आणि चराईवर बंधने आली. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये गायराने गेल्याने शेतकऱ्याच्या जनावरांचे कसे हाल झाले, हे रोखठोक मांडले आहे. चराई गेली तसा सगळा भार कडब्यावर आला आणि पाऊस चुकला की तोही हाती राहत नसे.

दुसरा धक्का सुधारणेतून आला. 1964 मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. धान्य भरघोस, पण ताट बुटके. माणसाच्या ताटाचा विचार करताना जनावराच्या गव्हाणीचा विसर पडला, ही त्या धोरणातली खरी उणीव होती. शेतकऱ्यांनी संकरित वाण खरिपात स्वीकारला, रब्बीत मात्र मालदांडी सोडली नाही.

दूध हा धंदा झाला तेव्हा कडब्याच्या मर्यादाही दिसू लागल्या. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ने संकरित गाई गावोगाव नेल्या. अशा गाईला रोज वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो आणि वाळल्या कडब्यातली प्रथिने तिला पुरत नाहीत. म्हणून लसूण घास, संकरित नेपियर आणि कारखान्यातले पशुखाद्य आले. निकृष्ट चाऱ्यासाठी युरिया प्रक्रिया शिकवली गेली: 100 किलो चाऱ्यावर 4 किलो युरियाचे द्रावण शिंपडून तीन आठवडे हवाबंद ठेवायचे. कुट्टी केल्याने नासाडी कमी झाली. काही धोके शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार होते, म्हणून ती किरळ जनावरांना खाऊ देत नसत. उसाच्या वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीरातले कॅल्शियम अडते, म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो.

दुष्काळात आजही शासनाला चारा छावण्या उघडाव्या लागतात. 2012-13 आणि 2018-19 मध्ये बीड, अहमदनगर, सोलापूर भागांत त्या उभ्या राहिल्या आणि तिथे बहुतेक ऊसच खाऊ घालावा लागला. आता मक्याचा मूरघास वाढतो आहे. दाणा दुधाळ अवस्थेपुढे जाऊन चिकात भरू लागला की मका कापून बारीक कुट्टी करतात, हवा राहणार नाही इतकी दाबतात आणि सुमारे 45 दिवसांनी उघडतात. पण त्यासाठी पाणी हवे. ज्याच्याकडे पाणी नाही, तो शेतकरी रब्बीला मालदांडी पेरतो, धान्यासाठी जितकी तितकीच कडब्यासाठी.