बॅटरीचं पोट भरलं, हे कोणी सांगायचं?

मंडळी, हल्ली गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी ‘स्मार्ट चार्जर’ नावाची वहीएवढी पेटी मिळते. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत, बॅटऱ्या बसल्या, आणि त्यानंतर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत ही पेटी आली. ती करते तरी काय, हे शोधायला गेलो. पेशा इतिहास शिकवण्याचा, त्यामुळे थेट १८५९ सालात जाऊन पोचलो!

त्या साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड घालून सुरळी केली आणि पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडवली. बाहेरून प्रवाह सोडून थांबवला, तर सुरळीच उलट वीज देऊ लागली. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. १८६० मध्ये त्यानं असे नऊ घट जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले. पण ही बॅटरी भरायला तेव्हा होतं काय? बुन्सेनचे घट! त्यातलं जस्त झिजवायचं आणि त्यातून मिळेल तेवढी वीज शिशात ओतायची. शिवाय पत्रे चांगले ‘तयार’ व्हायला भरा, रिकामे करा, उलट्या दिशेनं भरा, असं महिनोन् महिने करावं लागे. या माणसाच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे.

१८८१ मध्ये कामिय फोर यानं पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि ते महिने वाचले. त्याच वर्षी त्याच्या चार भरलेल्या बॅटऱ्या लाकडी पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन) पाठवल्या होत्या. तीन दिवसांच्या प्रवासानंतरही वीज पेटीत शाबूत! तोवर डायनामोही आला होता. म्हणजे वीज साठवता येत होती आणि हवी तेवढी भरताही येत होती. राहिलं एकच, थांबायचं कधी? त्याला मात्र फार काळ लागला.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारायची गरज संपली. मोटारीतला डायनामोच बॅटरी भरू लागला, पण त्या काळच्या ‘तीन ब्रशांच्या’ डायनामोला बॅटरी भरली की रिकामी, हे कळायचं नाही. तो आपला वाढतच राहायचा, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखा! म्हणून लांबच्या प्रवासात लोक भर दुपारी दिवे लावून गाडी हाकत. अंधार नव्हे, जादा वीज घालवण्यासाठी. मला या सगळ्या इतिहासात हा तपशील सर्वांत आवडला. पुढे रेग्युलेटर आले आणि दुपारचे दिवे विझले.

जास्त भरलं तर बिघडतं काय? बॅटरी वीज देते तेव्हा पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. भरताना ते पुन्हा मूळ रूपात जातं. सगळं सल्फेट संपलं तरी प्रवाह चालूच राहिला, की तो पाणी फोडतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते, आणि मग उडतं ते आम्ल डोळ्यांत जातं. उलट बॅटरी अर्धीमुर्धी तशीच ठेवली तर सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि परत विरघळायचं नाव घेत नाहीत. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या मरतात त्या बहुधा अशा. (कडक सल्फेट काढून नवं करून देतो, असं काही चार्जरांच्या खोक्यांवर लिहिलेलं असतं. थोडाफार फायदा होतही असेल. माझा त्यावर फार भरवसा नाही.)

आमच्या लहानपणी तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळ बॅटरीवाल्याचं दुकान होतं. फळीवर ओळीनं बॅटऱ्या, झाकणं उघडी, आत बुडबुड आवाज. त्याच्या शर्टाला आम्लानं पडलेली भोकं आम्हा पोरांना मोजता येत. बुडबुडे वाढले की तो काचेच्या नळीनं आम्ल ओढून हायड्रोमीटर बघायचा, १.२६-१.२८ झालं की तारा काढायचा. बॅटरी वाचणार की नाही, हे त्या माणसाच्या कानांवर आणि डोळ्यांवर अवलंबून. तो जेवायला गेला की बॅटरीचं नशीब!

नवी पेटी त्याचंच काम करते. आधी भरपूर प्रवाह देते. १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टवर पोचली की दाब तिथंच धरते आणि प्रवाह आपोआप उतरू देते. तो पुरेसा कमी झाला की १३.५ च्या आसपास येऊन नुसती राखण करते. चांगल्या पेट्या तापमानही बघतात, कारण उन्हाळ्यात हाच दाब थोडा कमी लागतो. ‘स्मार्ट’ हा विक्रेत्यांचा शब्द. मी तिला हुशार नव्हे, शिस्तीची म्हणेन. वर्गात मला अशी मुलं जास्त आवडायची, पण ते असो.

शिस्त आपल्यालाही हवी. जागा हवेशीर असावी आणि जवळ विडीकाडी नको. पेटीचं बटण बंद असतानाच लाल चिमटा धन टोकाला लावायचा. बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा तिच्यापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला. ठिणगी पडलीच तर वायूपासून लांब पडावी. मग बटण चालू. काढताना बटण आधी, मग काळा, मग लाल. पाण्याच्या बॅटरीत प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावं; बाकीचं चार्जिंग झाल्यावर, कारण भरताना पातळी वर येते. अगदीच बसलेली बॅटरी काही पेट्या ओळखतच नाहीत आणि सुरूच होत नाहीत. अशी बॅटरी दुकानात दाखवलेली बरी.

आणि सेटिंग बघा. पाण्याची, जेलची, एजीएम, प्रत्येकीचा दाब थोडा वेगळा. आता काही मोटारसायकलींत लिथियमची बॅटरी येते. तिला शिशाचं सेटिंग लावून रात्रभर सोडू नका. तिच्यासाठीचं सेटिंग पेटीवर नसेल, तर ती पेटी तिला लावूच नका.